सेल, पट्टा, पाणी आणि चावी : रोजच्या मनगटी घड्याळाची घरच्या घरी देखभाल

बंद पडलेलं घड्याळ खणात टाकायचं आणि नवं घ्यायचं, असा हल्ली रिवाजच झालाय. खरं तर रोजच्या वापरातल्या घड्याळाचं मशीन सहसा सगळ्यात शेवटी बिघडतं. त्याच्या कितीतरी आधी सेल संपतो, पट्ट्याची पिन निसटते, मागच्या झाकणाची रबरी रिंग चपटी होते, पावसाचं पाणी आत शिरतं. ही कामं तुम्ही घरी करू शकता, नाही तर वेळेवर ओळखू तरी शकता. मशीनला मात्र हात लावायचा नाही, ते घड्याळजीचं काम. ही रेघ पाळलीत तर घरच्या दुरुस्तीत सहसा काही वाईट होत नाही.

आधी तुमच्याकडे कोणतं घड्याळ आहे ते ओळखा

सेकंदकाटा दर सेकंदाला एक टपका मारत पुढे जात असेल तर ते क्वार्ट्झ. टायटन, सोनाटा, टाइमेक्सची बहुतेक घड्याळं यातच येतात. काटा सलग सरकल्यासारखा दिसतो आणि कानाला लावलं की भराभर टिकटिक ऐकू येते, ते यांत्रिक, म्हणजे चावीचं किंवा हाताच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारं ऑटोमॅटिक. आजोबांची एचएमटी जनता ही चावीवाल्यांतली. आकडे दाखवणारं कॅसिओसारखं असेल तर डिजिटल.

एचएमटीने १९६१ साली बंगळुरूत सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. हा इतिहास इथे यासाठी सांगितला, की जुन्या एचएमटीचे सुटे भाग आता बहुतेक वेळा दुसऱ्या जुन्या एचएमटीतूनच काढले जातात. म्हणून घरात अशी दोन बंद घड्याळं असतील तर एकही भंगारात देऊ नका.

क्वार्ट्झच्या आत स्फटिकाचा एक बारीकसा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप हा आकडा १५ वेळा निम्मा करते आणि सेकंदाला एक ठोका उरतो. तो ठोका तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला, म्हणजे कॉइलला मिळतो आणि काटा एक घर पुढे जातो. चिप आणि स्फटिक क्वचितच जातात. जातो तो सेल, आणि झाकण उघडताना आपल्याच हाताने जाते ती कॉइल.

उघडण्यापूर्वी निदान

सगळ्यात आधी चावी, म्हणजे काटे फिरवायचं कडेचं बटण, पूर्ण आत दाबलेली आहे का ते पाहा. हसू नका. रेनकोटच्या बाहीत अडकून चावी बाहेर ओढली जाते, घड्याळ थांबतं, आणि लोक नवा सेल टाकून येतात.

चावी आत असूनही बंद असेल तर थांबण्याआधीचे दिवस आठवा. सेकंदकाटा एकेक सेकंद न जाता दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारत होता का? अनेक मशीनमध्ये सेल संपत आल्याची ही मुद्दाम ठेवलेली खूण असते. अशा वेळी घड्याळ खराब झालेलं नसतं. मात्र सेल लवकर काढा, कारण पूर्ण उतरलेला सेल आत तसाच राहिला तर पाझरतो, आणि तो पाझर मशीन खातो.

काटा पुढे न जाता एकाच जागी थरथरत असेल तर सेल अशक्त झालाय किंवा दातऱ्यांमध्ये कचरा अडकलाय. आधी सेल बदलून पाहा. तरीही थरथर राहिली तर घड्याळजीकडे. सेकंदकाटा नीट चालतो पण रोज वेळ मागे पडते, असं असेल तर काटे ढिले झालेत किंवा एकमेकांना घासताहेत. हे घरचं काम नाही. आणि महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. साध्या क्वार्ट्झचं तेवढं चालायचंच.

सेल बदलणं

हे काम पावसाळ्यात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत इतका दमटपणा असतो, की झाकण लावताना ती हवा आत कोंडली जाते आणि एसीत शिरलात की काचेच्या आतून धुकं दिसतं. फेब्रुवारी-मार्चची कोरडी दुपार उत्तम. पावसाळ्यात करावंच लागलं तर ऊन पडलेल्या दिवशी, पंखा बंद करून. पंखा बंद करायचा तो धुळीसाठी आणि बारीक स्क्रू उडू नयेत म्हणूनही.

साहित्य फार लागत नाही : झाकण उघडायची बोथट सुरी, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, प्लॅस्टिकचा चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, फुंकर मारायचा रबरी पंप, थोडं सिलिकॉन ग्रीस. चिमटा, भिंग आणि मल्टिमीटर (सेल आणि तार तपासायचं यंत्र) बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. स्क्रूड्रायव्हर बोहरी आळीत मिळेल. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. टेबलावर पांढरा टॉवेल पसरा. पांढऱ्यावर पडलेला स्क्रू दिसतो आणि टणकन उडत नाही.

उघडण्याआधी घड्याळ बाहेरून साफ करा. झाकणाच्या कडेला घाम, साबण आणि धूळ यांचा जो काळा थर बसलेला असतो, तो झाकण उचकटलं की थेट मशीनवर पडतो. कोरड्या टूथब्रशने कड घासा, मग पुसा.

आता झाकणाचा प्रकार पाहा. चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतील तर सोपं आहे. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून ढिले करा. झाकणाच्या कडेला सहा खाचा असतील तर ते आट्यांचं झाकण. त्याला तीन किंवा दोन पायांचा पाना लागतो. थोडंच घट्ट असेल तर दाबून धरलेल्या रबरी चेंडूच्या पकडीनेही फिरतं. पक्कड किंवा कात्रीची टोकं खाचेत घालू नका. निसटली की पोलादावर कायमचा ओरखडा. आणि तिसरं, सगळ्यात जास्त आढळणारं, दाबून बसवलेलं झाकण. त्याच्या कडेला एका जागी बारीकशी खाच किंवा उंचवटा असतो. भिंगाने शोधा. घड्याळाच्या कडांना कागदी टेप लावा, सुरीचं पातं त्या खाचेत टेकवा आणि आत ढकलण्याऐवजी पातं आडवं फिरवा. टक्क असा आवाज होतो. जोर लावून आत ढकललेली सुरी दोनच ठिकाणी जाते, एक तर मशीनमध्ये, नाही तर तुमच्या तळहातात. डावा हात पात्याच्या रेषेत ठेवू नका.

झाकण निघाल्यावर हात थांबवा आणि मोबाइलवर फोटो काढा. मशीनभोवती प्लॅस्टिकचं कडं असेल तर ते कोणत्या बाजूने बसलंय, झाकणाच्या आत पातळ पत्र्याची जीभ आहे का, रबरी रिंग झाकणाच्या खोबणीत आहे की घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, हे सगळं फोटोत यायला हवं. नंतर आठवत नाही.

सेल लगेच ओळखू येतो, चकचकीत बटणासारखा. त्याच्या बाजूला तांबूस, केसाहून बारीक तारेची गुंडाळी दिसते, ती कॉइल. तिच्या जवळपास स्क्रूड्रायव्हर फिरकू देऊ नका. एक तार तुटली की मशीन गेलं, आणि ती तार जोडण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सेल कधी पट्टीखाली स्क्रूने धरलेला असतो, कधी नुसत्या स्प्रिंगच्या चापाने. चाप असेल तर सेलच्या ज्या कडेला तो आहे, त्याच्या विरुद्ध बाजूने सेल उचला.

सेलवरचा क्रमांक भिंगाने वाचा आणि नेमका तोच आणा. 'एसआर ६२६ एसडब्ल्यू' आणि '३७७' ही एकाच सेलची दोन नावं. ६२६ म्हणजे ६.८ मिलिमीटर व्यास आणि २.६ मिलिमीटर जाडी. ६२१ चा व्यास तोच, पण जाडी २.१, तो ६२६ च्या जागी बसल्यासारखा वाटतो आणि मग घड्याळ मनाला येईल तेव्हा थांबतं. सुरुवातीची अक्षरं तर जास्तच महत्त्वाची. 'एसआर' म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा. तो जवळपास शेवटपर्यंत एकसारखा दाब देतो. त्याच मापाचा 'एलआर' म्हणजे अल्कलाइन. तो स्वस्त, पण हळूहळू उतरत जातो आणि पाझरतोही लवकर. पट्टीवर दहाच्या दहा स्वस्तात मिळणारे सेल बहुधा हेच असतात. खेळण्यात घाला, घड्याळात नको.

नवा सेल प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरा. लोखंडी चिमट्याची दोन टोकं सेलच्या दोन बाजूंना टेकली की तो तेवढा वेळ स्वतःलाच खात राहतो. बोटांचा तेलकटपणाही नको. सेलवरची अधिकची खूण बहुतेक घड्याळांत वरच्या बाजूला येते. फोटो बघून खात्री करा. सेल बसला की घड्याळ उलटून सेकंदकाटा पूर्ण एक मिनिट चालू द्या, मगच झाकणाकडे वळा.

नवा सेल टाकूनही काटा हलला नाही तर मल्टिमीटर काढा. आधी सेल १.५ व्होल्टच्या वर आहे का ते पाहा. दुकानातला नवा सेलही शिळा निघतो. सेल ठीक असेल तर सेल काढून कॉइलच्या दोन टोकांना हलकेच मल्टिमीटर लावा. बहुतेक मशीनमध्ये एक ते तीन किलोओहमच्या आसपास आकडा येतो. काहीच आला नाही तर कॉइल तुटली. मग मशीन बदलणं एवढाच मार्ग.

जुन्या सेलचा पांढरा-हिरवट थर दिसला, तर कापसाची काडी व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली करून फक्त सेलच्या खाचेतल्या पत्र्यावर फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या काडीने पुसून वाळू द्या. थर खाचेबाहेर, कॉइलकडे पसरला असेल तर हात लावू नका.

आता झाकण, आणि घरच्या दुरुस्तीत काच तडकते ती नेमकी याच वेळी. रबरी रिंग बोटावर घ्या. गोल असायला हवी; चपटी झाली असेल, चिरली असेल तर नवी घाला. चांगली असेल तर तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा नुसता चमकण्याइतका हात फिरवा आणि खोबणीत सर्वत्र बसली ना हे भिंगाने पाहा. दाबाच्या झाकणाला आतल्या कडेला एका जागी कापलेला भाग असतो. ती जागा चावीच्या दांडीसाठी आहे, ती बरोबर चावीसमोर यायला हवी. एवढंसं चुकलं की झाकण बसत नाही, माणूस जोर वाढवतो, आणि दांडी वाकते किंवा समोरची काच जाते. घडी घातलेल्या सुती कापडावर घड्याळ पालथं ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. टक्क झालं नाही तर आणखी जोर लावू नका. झाकण दाबायचं यंत्र घड्याळजीकडे असतं. झाकण न लावता घड्याळ स्वच्छ डबीत घालून त्याच्याकडे न्या. मिनिटभराचं काम आहे.

डिजिटल घड्याळाची पायरी एकच वेगळी. सेल बदलल्यावर आकडे विचित्र दिसले किंवा दिसलेच नाहीत, तर मशीनवर इंग्रजीत 'एसी' असं लिहिलेला एक बारीक बिंदू शोधा. तो आणि सेलची अधिक बाजू लोखंडी चिमट्याने दोन सेकंद जोडा. मशीन नव्याने सुरू होतं. यातले बरेच सेल 'सीआर' मालिकेतले, ३ व्होल्टचे लिथियम असतात.

काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि ई-कचऱ्यात द्या. घरात लहान मूल असेल तर टेबलावर एक क्षणही ठेवू नका. गिळलेला बटण सेल, विशेषतः मोठा लिथियमचा, अन्ननलिका काही तासांत जाळतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

पट्टा

घड्याळ पडून फुटतं ते बहुतेक वेळा पिनमुळे. पट्टा ज्या स्प्रिंगच्या पिनवर असतो, ती पिन घाम आणि साबणाने आतून गंजते आणि एके दिवशी सिग्नलला ब्रेक दाबताना निसटते. पट्टा बदलाल तेव्हा पिनाही बदला. माप म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर. पुरुषांच्या घड्याळांत १८, २० किंवा २२ मिलिमीटर. पट्टीने मोजा, अंदाजाने घेऊ नका, कारण १९ ही असतं.

चामड्याच्या पट्ट्याला पुण्यात जून ते सप्टेंबर बुरशी येते. या चार महिन्यांत रबरी किंवा नायलॉनचा पट्टा लावा आणि चामड्याचा काढून कागदात गुंडाळून ठेवा. धातूचा पट्टा घड्याळापासून सोडवून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या ब्रशने घासा. जे पाणी निघेल ते बघून तुम्ही हे काम पुन्हा टाळणार नाही.

पट्ट्याच्या कड्या कमी करायच्या असतील तर आतल्या बाजूला कोरलेला बाण पाहा. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची, आणि घालताना बाणाच्या उलट दिशेने. दोन्ही बाजूंच्या शक्य तेवढ्या सारख्या कड्या काढा, नाहीतर बकल मनगटाच्या मधोमध येत नाही. काढलेल्या कड्या जपून ठेवा.

पाणी

झाकणावर '३० मीटर' लिहिलंय म्हणून ते घालून टिळक तलावात उडी मारू नका. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. व्यवहारात ३० म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे. ५० वर जपून पोहता येईल, निवांत पोहायला १०० हवं. आणि हे सगळं रबरी रिंगा नव्या असेपर्यंतच. गीझरच्या गरम पाण्याची वाफ तर कोणत्याच घड्याळाला नको. वाफ आत शिरते आणि थंड झाली की पाणी होऊन राहते. रंगपंचमीलाही घड्याळ घरीच ठेवा. रंगाची पूड चावीच्या फटीत बसली की तिथली रिंग कापत राहते.

काचेच्या आतून हलकं धुकं असेल तर क्वार्ट्झचं झाकण उघडा, सेल काढा आणि घड्याळ उघडंच, बूट-बॅगांबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात एक-दोन दिवस ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ आत जातं. हेअरड्रायरही नको. पण थेंब दिसत असतील, किंवा घड्याळ यांत्रिक असेल, तर त्याच दिवशी घड्याळजीकडे. आतल्या पोलादाला गंज धरायला एक रात्र पुरते, आणि गंजलेली हेअरस्प्रिंग, म्हणजे यांत्रिक घड्याळाची गती राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, साफ होत नाही.

चावीचं घड्याळ

चावी रोज ठरावीक वेळी द्या, सकाळी चहाच्या वेळी म्हणा. घड्याळ हातातून काढून द्या. हातात असताना दांडीवर आडवा जोर येतो. बोटाला स्पष्ट अडथळा जाणवला की थांबा. 'जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं' हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं. प्रत्यक्षात तेल वाळून घट्ट झालेलं असतं, म्हणून पूर्ण चावी असूनही चक्रं फिरत नाहीत. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग हवंच.

जुनं चावीचं घड्याळ दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे गेलं तर त्याला बोल लावू नका. पण ते अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर त्यात चुंबकत्व शिरलंय. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलचं कव्हर ही नेहमीची कारणं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ नेऊन सुई हलली तर समजा. चुंबकत्व उतरवायचं यंत्र घड्याळजीकडे असतं, काम काही सेकंदांचं आहे.

तारीख असलेल्या कोणत्याही घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीने तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेची दातरी आधीच गुंतलेली असते, जबरदस्तीत दात तुटतो. बंद घड्याळात दिवस की रात्र कळत नसेल तर काटे पुढे फिरवा. तारीख ज्या बाराला बदलेल ते मध्यरात्रीचे बारा.

काच प्लॅस्टिकची असेल, जशी जनताची असते, तर ओरखडे घरी जातात. कडेला टेप लावून साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, जेल नव्हे, मऊ कापडावर गोल गोल घासा. खरी काच असेल तर घासून काही होत नाही, बदलावीच लागते.

घड्याळजीकडे जाताना

चांगला घड्याळजी डोळ्याला आयग्लास लावून आधी घड्याळ पाहतो, मग बोलतो. सेल तुमच्यासमोर, पाकिटातून काढून टाकायला सांगा आणि जुना परत मागा. यांत्रिक घड्याळाचं सर्व्हिसिंग करायचं असेल तर एकच प्रश्न विचारा : मशीन पूर्ण सुटं करणार, की अख्खं पेट्रोलमध्ये बुडवून काढणार? बुडवलेलं घड्याळ थोडे दिवस झकास चालतं, मग कोरड्या धुऱ्या झिजायला लागतात. देण्याआधी मशीनचा फोटो काढून ठेवा, निदान घ्यायला गेल्यावर तेच मशीन आहे का ते कळेल. क्वार्ट्झचं मशीन बदलावं लागणार असेल तर जपानी घालणार की चिनी हे आधीच ठरवा. आणि काटे तेच राहणार का तेही विचारा, कारण नव्या मशीनच्या दांड्यांचं माप जुळलं नाही तर काटे बदलतात आणि घड्याळाचा चेहराच जातो.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात स्वस्त एचएमटी दिसली की मोह होतो. भगव्या, हिरव्या, निळ्या लखलखीत तबकडीची बहुतेक पुन्हा रंगवलेली असतात. आकडे भिंगाने पाहा. कडा फुटलेल्या, अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतील तर तबकडी नवी आहे. घ्यायची तर खुशाल घ्या, पण भाव सुट्या भागांचा द्या, आणि घेण्याआधी थोडी चावी देऊन कानाला लावा : टिकटिक एकसारखी हवी, लंगडी नको.